बेंगळुरूचे तलाव आणि मातीतला जुना प्रतिकार
बेंगळुरूचे तलाव पूर्वी पावसाचे पाणी साठवत. शहर वाढले तसे बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे तलाव सांडपाण्याने भरत गेले. काठच्या मातीतले जिवाणू प्रतिजैविकांना का दाद देत नाहीत, याचा विचार या इतिहासापासूनच करावा लागतो. कोणी म्हणेल, हा गुण औषधांहून जुना आहे. कॅनडातील युकॉनच्या 30,000 वर्षे गोठलेल्या गाळातही प्रतिकाराची जनुके सापडली. खरेच आहे, स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविकही 1943 मध्ये मातीतल्या जिवाणूपासूनच मिळाले. पण गुण असणे वेगळे, तो फोफावणे वेगळे. सांडपाण्यातील औषधांचे अंश आणि जड धातू प्रतिकारक्षम जिवाणूंनाच तगवतात. 2018 पासून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या तलावांत जाते. त्या पाण्याच्या तपासणीत प्रतिकारक जनुकांचीही मोजणी झाली पाहिजे.