पर्यायनामाची नोंद : एक ऐतिहासिक विचार

पश्चिम रेल्वेवरील ‘एल्फिन्स्टन रोड’ या स्थानकास १९ जुलै २०१८ पासून ‘प्रभादेवी’ हे नाव प्राप्त झाले. जुने नाव १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे होते. नामांतरापूर्वी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, हे स्थानक व लगतचे परळ स्थानक यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन किमान २२ जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची समकालीन वृत्ते अर्थातच जुन्या नावाने लिहिली गेली. केवळ नवे नाव ठाऊक असलेला उद्याचा अभ्यासक त्या कागदांपर्यंत कसा पोहोचावा, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येण्याजोगा नाही.

नेमका असाच प्रश्न संगणकांच्या जाळ्यापुढे उभा राहिला होता. आर्पानेटच्या आरंभीच्या काळात सर्व यंत्रांची नावे व अंकात्मक पत्ते एकाच यादीत नोंदलेले असत. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती यादी ठेवली जाई, आणि इतरांनी तिची प्रत उतरून घ्यावी अशी रीत होती. एका यंत्रास मुख्य नावाखेरीज टोपणनावे देण्याची सोय तीतही होतीच. तथापि यंत्रे वाढत गेली तशी एकच यादी सांभाळणे अशक्य झाले. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम ही विकेंद्रित पद्धती मांडली. १९८७ मध्ये तिचे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले.

या पद्धतीत टोपणनावास स्वतंत्र नोंदीचे रूप मिळाले. तिला ‘सीनेम’ म्हणतात. पर्यायनामाने पत्ता विचारला असता ही नोंद पत्ता सांगत नाही. ‘याचे अधिकृत नाव अमुक’ एवढेच सांगते. मग विचारणारे यंत्र त्या अधिकृत नावाने पुन्हा शोध घेते. यामुळे यंत्राचा पत्ता बदलला तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. पर्यायनामाशी अन्य कोणतीही सामान्य माहिती जोडू नये, असाही दंडक आहे; अन्यथा दोन नावांखाली दोन भिन्न माहित्या नांदू लागतील.

या दंडकामुळे काही भेद स्पष्ट होतात. दादर हे एकच नाव मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवरील स्थानकांस आहे. परंतु त्यांची सांकेतिक अक्षरे ‘डीआर’ व ‘डीडीआर’ अशी निराळी आहेत. हे एका नावाचे दोन पत्ते होत, पर्यायनाम नव्हे. परळ व प्रभादेवी ही शेजारी असली तरी दोन स्वतंत्र स्थानके आहेत. खरे पर्यायनाम एकच : एल्फिन्स्टन रोड.

पर्यायांची साखळीही संभवते. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. युनेस्कोने २००४ मध्ये या वास्तूची जागतिक वारशात नोंद करताना नव्या नावासोबत ‘पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस’ असा निर्देश केला. तीही एक प्रकारची पर्यायनोंदच होय. साखळीत प्रत्येक दुवा शाबूत असावा लागतो. संगणकांच्या जाळ्यात सोडून दिलेले अधिकृत नाव परक्याने बळकावले, तर जुने पर्यायनाम विचारणाऱ्यास निमूटपणे त्या परक्याच्या दारी नेऊन सोडते.

परिभाषेतही एक गोंधळ रूढ झाला. ‘सीनेम’ याचा मूळ अर्थ ‘अधिकृत नाव’. व्यवहारात मात्र पर्यायनामासच ‘सीनेम’ म्हणू लागले. १९९७ च्या एका स्पष्टीकरणपर दस्तऐवजाने ही चूक दाखवून दिली. कोणते नाव कोणाकडे बोट दाखविते, हे विसरले की संज्ञाही उलटी होते.

यंत्राच्या नोंदीस दिशा आहे, पण इतिहास नाही : आजचे अधिकृत नाव ती सांगते, ते केव्हापासून हे सांगत नाही. इतिहासाच्या सूचीस तेवढ्याने भागत नाही. २०१७ ची दुर्घटना ‘प्रभादेवी’ या नावाखाली सापडली पाहिजे. परंतु ती घडली तेव्हा स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड होते, हेही तेथेच कळले पाहिजे. यास्तव सूचीकाराने प्रत्येक पर्यायनामापुढे नामांतराचे वर्ष लिहिणे अगत्याचे ठरते.