शोग्रेनचा आजार : उन्हाळ्यामागे दडलेले कोरडे डोळे

शोग्रेनचा आजार हा दीर्घकाळ चालणारा स्वप्रतिरक्षा विकार. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. ग्रंथींत पांढऱ्या पेशी ठाण मांडतात, स्राव आटतो, डोळे व तोंड कोरडे पडते आणि बुबुळाच्या पृष्ठभागाला दाह होतो. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. हा आजार एकटा येतो, तसाच आमवात किंवा ल्युपसच्या पाठोपाठही येतो.

वऱ्हाडात तो उन्हाळ्यामागे दडतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो. मे २०२४ च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेपायी जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. अमरावतीची दुपारही तशीच भाजते. अशा दिवसांत ‘डोयात कचरा खुपते’ म्हणणाऱ्या बाईला घरचे उन्हाचेच कारण सांगतात. तुरीच्या मळणीचा भुसा, जिनिंगमध्ये उडणारे कापसाचे तंतू, एसटीच्या खिडकीतला गरम वारा ही कारणे खोटी नाहीत, त्यांनी डोळे सुकतातच. पण मिरगाचा पाऊस पडतो, हवा दमट होते, तरी डोळ्यांतली रेती जात नाही, तेव्हा शंका घ्यायला हवी. दुसरी खूण ताटावर दिसते : पाण्याच्या घोटाशिवाय ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नाही. लाळ नसल्याने दात भराभर किडतात. सकाळी बोटे आखडतात. ती डोळे दाखवते एका डॉक्टरला, दात दुसऱ्याला, सांधे तिसऱ्याला. तिन्ही तक्रारी एका केसपेपरवर येईपर्यंत वर्षे निघून जातात, आणि खरे नुकसान याच काळात होते.

प्रत्येक कोरडा डोळा मात्र शोग्रेनचा नसतो. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबणे, रजोनिवृत्ती, मोबाइलकडे एकटक पाहणे, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या ही कारणे कितीतरी अधिक आढळतात.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाला चिकटणारा श्लेष्मा, मधले पाणी आणि वरचा तेलाचा पातळ थर मिळून त्यांचा पडदा होतो. मधले पाणी आटले की उरलेले अश्रू अधिक खारट होतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको : पाणी असते, पण ते पिकाला जाळते. तसेच हे खारे अश्रू बुबुळावरच्या पेशींना इजा करतात, त्यातून दाह वाढतो, आणि दाहाने अश्रू आणखी घटतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘शुष्काक्षिपाक’ या नावाने कोरड्या, उघडायला कष्ट पडणाऱ्या डोळ्यांचा विकार नोंदलेला आहे. कोरडे डोळे आणि दुखरे सांधे यांची गाठ ठामपणे बांधली ती हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने. १९३३ च्या त्याच्या प्रबंधात १९ स्त्रियांचा अभ्यास आहे. त्यांतल्या १३ जणींना संधिवात होता. प्रबंधाला गुण इतके कमी मिळाले की विद्यापीठात अध्यापनाची वाट बंद झाली. तो राजधानी सोडून लहान शहरातल्या दवाखान्यात गेला आणि तिथे काम करत राहिला. १९४३ मध्ये इंग्रजी अनुवाद निघाल्यावर जगाचे लक्ष तिकडे गेले.

पहिली तपासणी अगदी साधी असते, त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. ऑटो शर्मरने १९०३ मध्ये सांगितल्याप्रमाणे गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू फारच कमी. पुढे रंगद्रव्याने बुबुळावरचे ओरखडे पाहतात, रक्तात ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे शोधतात, आणि गरज पडल्यास ओठाच्या आतल्या लाळग्रंथीचा तुकडा तपासतात.

आजार मुळापासून जात नाही, पण डोळे सांभाळता येतात. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर परिरक्षक नसलेले घ्यावेत. दाहासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, तर अश्रू वाहून नेणारी छिद्रे बारीक बुचांनी बंद केली की आहे तो ओलावा टिकतो. दुकानातून आपल्या मनाने आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातक : लाली जाते, पण डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. आमवाताच्या रुग्णाचा डोळा लाल होऊन खोलवर ठणकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण तो पांढऱ्या पटलाचा दाह असू शकतो. सांध्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल, तर नेत्रपटल नियमित तपासून घ्यावे लागते.

लाळग्रंथीची गाठ टिकून राहिली, तर लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची शक्यता तपासतात. तरुण स्त्रियांत आणखी एक काळजी असते. ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, आणि अशा शंभर गर्भांत एक-दोघांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे गरोदरपणी नाव नोंदवतानाच हा आजार सांगावा लागतो; सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची तपासणी सुरू करतात.