शिष्यत्वाचे नेम : महाराष्ट्रातील ख्रिस्ती साधनेचा इतिहास

ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्मा ही शिष्यत्वाची केवळ सुरुवात असते. पुढे शिष्य घडतो तो नेमाने : रोजची प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास, रविवारची उपासना, प्रभुभोजन, दान आणि सेवा. मराठी मुलुखात हे नेम चार शतके पाळले जात आहेत. ते पाळले जातात की नाही यावर नजर कुणी ठेवायची, हे मात्र पिढ्यापिढ्यांनी बदलत गेले. कधी ते काम धर्मगुरूकडे होते, कधी मिशनकडे, कधी आश्रमाकडे. कल्याणपुढच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात त्याचा मोठा भार आज घराने उचललेला आहे.

सुरुवात गोव्यात झाली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हते. ही उणीव त्यांनीच बोलून दाखवल्यावर स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत रचली. तिचे देवळात सामुदायिक वाचन होऊ लागले. ऐकणे आणि म्हणणे हीच इथल्या ख्रिस्ती साधनेची पहिली पायरी ठरली.

एकोणिसाव्या शतकातली शिस्त वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला सुरू झाले. शब्बाथ पाळणे, पवित्र शास्त्राचा वर्ग, कौटुंबिक प्रार्थना आणि मंडळीच्या नियमांचे पालन यांवर तिथे भर होता. शाळा आणि छापखान्याबरोबर वाचनाची सवय खेड्यापर्यंत गेली, हे मिशनचे मोठे देणे होय. पण उपदेशक पगारी, मंडळीचा खर्च परदेशातून आणि निर्णय गोऱ्या मिशनऱ्यांचे, अशा व्यवस्थेत भक्ती आणि नोकरी एकमेकांत गुंतत. त्यातही मराठी वळण उमटत होतेच. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी स्त्रियांना रोजच्या सामूहिक प्रार्थनेचा नेम लावला आणि 1905 मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली.

भक्ती आणि नोकरीची ही गुंतागुंत मुळाशी जाऊन सोडवण्याचा प्रयत्न नारायण वामन टिळक यांनी केला. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या टिळकांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयाने त्यांच्या वाटेवर आल्या. मधल्या वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनाची घडण कशी होत गेली, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात वाचायला मिळते. शिष्यत्व हळूहळू कसे वाढते याचा इतका प्रांजळ आलेख मराठीत दुसरा क्वचितच असेल.

तुकोबांच्या अभंगांवरून चालत आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. म्हणूनच भजन, कीर्तन आणि नामचिंतन त्यांनी ख्रिस्ती साधनेच्या गाभ्यात आणले. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि मराठी मंडळ्या आजही ती म्हणतात. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात येऊ शकत होते. साधनेला पगार नको आणि परक्याची मान्यताही नको, हे त्यामागचे म्हणणे होते. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबाराला बाळसे धरता आले नाही. एका माणसाच्या तेजावर उभे असलेले काम त्याच्यामागे टिकवायला ठरलेली दिनचर्या लागते आणि एकत्र राहणारी माणसे लागतात. दरबारापाशी ही दोन्ही पुरेशी नव्हती.

ती जुळवली जॅक विन्स्लो यांनी. अहमदनगर भागात काम केलेल्या या अँग्लिकन मिशनऱ्यावर टिळकांचा खोल प्रभाव होता. 1923 मध्ये त्यांनी टिळकांचे चरित्रही लिहिले. 1922 मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि दशकाच्या अखेरीस पुण्यात शिवाजीनगरला संघाचा आश्रम उभा राहिला. भारतीय आणि इंग्रज सभासद एकाच छताखाली राहत, खादी वापरत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत. ठरल्या वेळची प्रार्थना, मौन, अभ्यास आणि सेवा यांनी दिवस बांधलेला असे. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेले व्हेरिअर एल्विन 1927 मध्ये याच संघात आले आणि इथेच त्यांना पुढचे सहकारी शामराव हिवाळे भेटले. आजन्म व्रते घ्यावीत की नाहीत, या प्रश्नावर 1934 मध्ये संघ दुभंगला. व्रतस्थांचा गट ख्रिस्त प्रेम सेवा संघ म्हणून ओळखला जाऊ लागला. संघात घडलेल्या फादर अल्जी रॉबर्टसन यांनी हाच जीवनक्रम इंग्लंडला नेला आणि तिथल्या सेंट फ्रान्सिस संघाच्या उभारणीत त्याचा वाटा राहिला.

कल्याणपुढच्या पट्ट्याला असा संस्थापक लाभला नाही. तिथली साधना स्थलांतराबरोबर आली. 1856 मध्ये या मार्गावर रेल्वे धावू लागली. पुढे अंबरनाथला काडेपेटीचा विमको कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली. महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत 1947 नंतर सिंधी निर्वासित राहिले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. रोजगारासाठी आलेल्या मराठी, तमिळ, मल्याळी, कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी आपापले नेम बरोबर आणले. लॅटिन परंपरेच्या कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि संध्याकाळची जपमाळ असते, तर केरळच्या सिरो-मलबार कुटुंबांत पन्नास दिवसांचा उपवास. 1988 मध्ये या कुटुंबांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. मुंबई महाधर्मप्रांतात 1980च्या दशकापासून शेजारच्या घरांचे छोटे समूह बांधले गेले. ते आळीपाळीने एकेका घरी जमून शास्त्र वाचतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत घरगुती प्रार्थनासभा हेच काम करतात. कारखान्याची पाळी आणि लोकलची वेळ सांभाळून जमणाऱ्या या लोकांना आश्रमासारखा दिवस बांधता येत नाही, म्हणून आठवड्याची एक संध्याकाळ ठरवली जाते. गैरहजर कुटुंबाची चौकशी शेजारीच करतात आणि आजारी माणसाकडे प्रार्थनेला जाण्याची जबाबदारीही तेच घेतात.