मॉली गोल्डबर्गची बोली

अमेरिकेतील नभोवाणीच्या आरंभकाळाचा इतिहास बहुधा यंत्रे, केंद्रे व जाहिरातदार ह्यांच्या अंगाने लिहिला जातो. वस्तुतः ज्या माध्यमात पात्राला चेहरा नाही व वेशभूषाही नाही, तेथे त्याचे कुळ, वर्ग व वय केवळ बोलण्यातूनच श्रोत्याला कळावयाचे असते. गर्ट्रूड बर्ग (१८९९–१९६६) ह्या अभिनेत्रीची कारकीर्द ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागातील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव टिली एडेलस्टाइन. वडिलांनी कॅट्सकिल डोंगरातील फ्लाइशमन्स येथे चालविलेल्या उन्हाळी निवासगृहात पाहुण्यांसाठी लहानसहान प्रहसने रचणे, हेच त्यांचे नाट्यशिक्षण. १९१८ साली लुइस बर्ग ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २० नोव्हेंबर १९२९ रोजी, म्हणजे शेअरबाजार कोसळल्यानंतर महिन्याच्या आतच, 'द राइज ऑफ द गोल्डबर्ग्ज' ही त्यांची मालिका एनबीसीवरून सुरू झाली. मॉली गोल्डबर्ग ही गृहिणी त्यांनी स्वतः रंगविली आणि संहिताही त्यांनीच लिहिल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण बोलणारी व बोलणे घडविणारी व्यक्ती येथे एकच होती.

परकी बोली हा त्या काळच्या अमेरिकन रंगभूमीवर हुकमी हशा मिळविण्याचा विषय होता. १९२८ मध्ये सुरू झालेल्या 'एमॉस अँड अँडी' ह्या अत्यंत लोकप्रिय मालिकेत तर दोन गोरे नट कृष्णवर्णीयांच्या बोलण्याची नक्कल करीत. आता मॉलीचे बोलणे हीदेखील एका अर्थी नक्कलच. बर्गबाई अमेरिकेत जन्मलेल्या. ध्वनिक्षेपकापासून दूर त्यांचे इंग्रजी सर्वसामान्य सुशिक्षितांचेच होते. मग फरक कोठे पडतो? प्रहसनातील नट मुख्यतः उच्चार विकृत करीत. बर्गबाईंनी भर दिला तो वाक्यरचनेवर. कर्म वाक्याच्या आरंभी आणणे, विधानाच्या जागी प्रश्न योजणे, प्रश्नाला प्रतिप्रश्नाने उत्तर देणे ही यिडिशची वळणे मॉलीच्या इंग्रजीत उतरली. उच्चाराची विकृती वक्त्याला हास्यास्पद करते. वाक्याचे वळण त्याची विचार करण्याची रीत दाखविते. अर्थात मॉलीच्या तोंडच्या चुकीच्या शब्दांवर श्रोते हसत नसत असे नव्हे. तिची मुले, सॅमी व रोझाली, शुद्ध अमेरिकन इंग्रजी बोलत व आईला सुधारीत. एका छपराखाली दोन पिढ्यांच्या दोन भाषा नांदत आहेत, हे दृश्य स्थलांतरितांच्या घराघरांतले होते.

३ एप्रिल १९३९ च्या भागात गोल्डबर्ग कुटुंब वल्हांडणाच्या विधीला बसलेले असता खिडकीची काच फोडून एक दगड आत येतो. जर्मनीतील नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराला तेव्हा पाचच महिने झाले होते. मॉली मुलांना धीर देते आणि विधी पुढे चालू राहतो. ज्या बोलीवर एरवी हसावयाचे, तिच्यातच हा प्रसंग ऐकावा लागला.

१९४९ साली मालिका सीबीएसच्या दूरचित्रवाणीवर आली व मॉलीच्या भूमिकेसाठी बर्गबाईंना एमी पुरस्कार लाभला. पण जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' ह्या पुस्तिकेत, कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या आरोपावरून, मॉलीच्या पतीचे काम करणारे फिलिप लोएब ह्यांचे नाव छापले गेले. त्यांना वगळण्याची जाहिरातदाराची मागणी बर्गबाईंनी नाकारली. १९५१ मध्ये सीबीएसवरील मालिका बंद पडली. १९५२ मध्ये ती एनबीसीवर परतली, ती मात्र लोएब ह्यांच्यावाचून. आर्थिक तडजोड होऊन ते बाहेर पडले होते. ह्या तडजोडीबद्दल बर्गबाईंना दोष देणे सोपे आहे. तथापि एका मालिकेवर किती नटांची चूल अवलंबून असते, ह्याचाही विचार करावा लागतो. १ सप्टेंबर १९५५ रोजी लोएब ह्यांनी आत्महत्या केली.

बर्गबाईंना १९५९ साली 'ए मेजॉरिटी ऑफ वन' ह्या नाटकासाठी टोनी पुरस्कार मिळाला. त्यात त्या ब्रुकलिनमधील एका ज्यू विधवेच्या भूमिकेत होत्या. तिच्याशी स्नेह जुळणाऱ्या जपानी व्यापाऱ्याचे काम सर सेड्रिक हार्डविक ह्या इंग्रज नटाने केले होते.