ख्रिस्ती परंपरावादी दबावगट, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परंपरानिष्ठ ख्रिस्ती आचारविचारांना कायद्याचे पाठबळ मिळावे, या हेतूने निवडणुका, विधिमंडळे आणि न्यायाधीशांच्या नेमणुका यांवर प्रभाव पाडू पाहणाऱ्या संघटना. त्या स्वतः राजकीय पक्ष नाहीत. आपले उमेदवार उभे करण्यापेक्षा प्रस्थापित पक्षांच्या उमेदवारांची निवड, त्यांचे धोरण आणि त्यांना मिळणारी मते यांना वळण लावणे, ही त्यांची कार्यपद्धती होय. त्यांच्या प्रभावाचे रहस्य अनुयायांच्या संख्येपेक्षा त्यांच्या शिस्तबद्ध संघटनेत आढळते. आणि या प्रभावाच्या मर्यादाही त्यातूनच उद्‌भवतात.

अमेरिकन संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने (१७९१) केंद्रीय विधिमंडळास अधिकृत धर्मपीठ स्थापण्यास मनाई केली आणि त्याचबरोबर धर्मस्वातंत्र्याची हमी दिली. शासनाचा आश्रय नसल्यामुळे चर्च-संस्थांना अनुयायी मिळविण्यासाठी स्वतःच झटावे लागले. सभा, वर्गणी, पत्रके आणि स्वयंसेवक यांची जी यंत्रणा त्यातून निर्माण झाली, ती राजकारणासही उपयोगी पडली. याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे ओबर्लिन (ओहायओ) येथे १८९३ मध्ये स्थापन झालेली ‘अँटि-सलून लीग’ ही दारूबंदीवादी संघटना. वेन व्हीलर (१८६९–१९२७) या तिच्या नेत्याने उमेदवाराचा पक्ष किंवा त्याचे खाजगी आचरण न पाहता दारूबंदीच्या बाजूने तो मत देईल की नाही, एवढीच कसोटी लावली. दोन्ही पक्ष तुल्यबळ असलेल्या मतदारसंघांत थोड्या निष्ठावंत मतांनी निकाल फिरत असे. या तंत्राने अठरावी घटनादुरुस्ती १९१९ मध्ये संमत झाली. परंतु कायदा झाला, तरी समाजाची संमती टिकली नाही आणि १९३३ मध्ये ती दुरुस्ती रद्द करावी लागली.

डेटन (टेनेसी) येथे १९२५ मध्ये उत्क्रांतिवादाच्या अध्यापनावरून चाललेल्या स्कोप्स खटल्यात मूलतत्त्ववाद्यांची बाजू न्यायालयात जिंकली. तथापि वृत्तपत्रांतून तिची बरीच नाचक्की झाली. त्यानंतर या पंथीयांपैकी अनेकांनी राजकारणापासून दूर राहून आपली विद्यालये, प्रकाशने व नभोवाणी कार्यक्रम उभारण्यावर भर दिला. सार्वजनिक शाळांतील शासनप्रणीत प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, तर बायबलचे धार्मिक पठण १९६३ मध्ये घटनाबाह्य ठरविले. याच काळात कृष्णवर्णीय चर्च-संस्था नागरी हक्कांच्या चळवळीचे नेतृत्व करीत होत्या. धर्मप्रेरित राजकारण हे केवळ परंपरावाद्यांचे क्षेत्र नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

परंपरावाद्यांच्या पुनरागमनाचे श्रेय प्रायः ‘रो विरुद्ध वेड’ (१९७३) या गर्भपातविषयक निर्णयास दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. गर्भपातास सुरुवातीचा संघटित विरोध मुख्यतः रोमन कॅथलिकांनी केला. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने तर १९७१ मध्ये विशिष्ट परिस्थितीत गर्भपातास मुभा देणाऱ्या कायद्याला अनुकूल ठराव केला होता. १९८० मध्ये तिने ही भूमिका पालटली. दरम्यान वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी शाळांची करमाफी काढून घेण्याचे धोरण शासनाने अवलंबिले आणि १९७८ मध्ये त्यासाठी कडक नियम प्रस्तावित केले. ख्रिस्ती शाळांच्या चालकांना हा आपल्या संस्थांवरील घाला वाटला. स्त्रीपुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध फिलिस श्लाफ्ली (१९२४–२०१६) या कॅथलिक कार्यकर्तीने १९७२ पासून मोहीम चालविली. आवश्यक ३८ राज्यांपैकी ३५ राज्यांचीच मान्यता मिळाल्याने १९८२ मध्ये त्या दुरुस्तीची मुदत संपली. शाळा, कुटुंब आणि गर्भपात या तीन प्रश्नांनी पूर्वी परस्परांकडे संशयाने पाहणारे पंथ एकत्र आले.

या ऐक्यास राजकीय रूप देणारी संघटना म्हणजे ‘मॉरल मेजॉरिटी’. लिंचबर्ग (व्हर्जिनिया) येथील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल (१९३३–२००७) यांनी पॉल वेरिक (१९४२–२००८) प्रभृती राजकीय संघटकांच्या प्रेरणेने ती १९७९ मध्ये स्थापन केली. दूरचित्रवाणीवरील प्रवचने, टपालाने निधिसंकलन आणि चर्चमधून मतदारनोंदणी ही तिची साधने होती. १९८० च्या निवडणुकीत रॉनल्ड रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली आणि रिपब्लिकन पक्षाने सीनेटमध्ये १२ जागा अधिक मिळवून बहुमत संपादिले. या विजयाचे श्रेय संघटनेने स्वतःकडे घेतले. परंतु भाववाढ आणि इराणमधील ओलिसांचे प्रकरण यांमुळे कार्टर-शासनाविषयी पसरलेला असंतोषही तितकाच निर्णायक होता. रेगन यांच्या कारकीर्दीत गर्भपातबंदीची वा शालेय प्रार्थनेची घटनादुरुस्ती होऊ शकली नाही. १९८९ मध्ये मॉरल मेजॉरिटी विसर्जित झाली.

दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार पॅट रॉबर्टसन (१९३०–२०२३) यांनी १९८८ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न केला. आयोवा राज्यात ते जॉर्ज बुश यांच्याही पुढे दुसऱ्या क्रमांकावर आले; अंतिमतः त्यांना यश लाभले नाही. त्यांच्या कार्यकर्त्यांतून १९८९ मध्ये ‘ख्रिश्चन कोअलिशन’ ही संघटना उभी राहिली. कार्यकारी संचालक राल्फ रीड यांनी राष्ट्रीय व्यासपीठाऐवजी शाळा-मंडळे, पक्षाच्या स्थानिक समित्या आणि प्राथमिक निवडणुका यांकडे लक्ष वळविले. अशा निवडणुकांत मतदान अल्प होत असल्याने मूठभर संघटित मतदारांचे वजन अनेक पटींनी वाढते. करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवारांचा प्रचार करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई केली होती. म्हणून उमेदवारांच्या भूमिकांचे तुलनात्मक तक्ते छापून ते निवडणुकीपूर्वीच्या रविवारी चर्चमध्ये वाटण्याची युक्ती योजण्यात आली. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात चाळीस वर्षांनी बहुमत मिळाले, त्यात या संघटनेचा वाटा होता.

यापुढे हे गट रिपब्लिकन पक्षाचे बाह्य मित्र न राहता त्याचे अंगभूत घटक बनले. नोव्हेंबर २००४ मध्ये ११ राज्यांत समलिंगी विवाहास प्रतिबंध करणारे प्रस्ताव मतदारांपुढे आले आणि ते सर्व संमत झाले. तथापि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह देशभर वैध ठरविले. त्यामुळे न्यायाधीशांच्या नेमणुका हेच गटांचे मुख्य लक्ष्य झाले. २०१६ मध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८०% मतदारांनी डॉनल्ड ट्रंप यांना मत दिले. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्यापेक्षा नेमणुकांचे आश्वासन त्यांना महत्त्वाचे वाटले. व्हीलर यांचीच कसोटी येथे नव्या रूपात दिसते. ट्रंप यांनी पहिल्या कारकीर्दीत तीन न्यायाधीश नेमले आणि २४ जून २०२२ रोजी न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्दबातल ठरविला.

जवळजवळ अर्धशतकाच्या प्रयत्नांचे हे फळ होते. परंतु गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे परत जाताच तो थेट मतदारांपुढे आला. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससने, परंपरावादी राज्य असूनही, गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेणारा प्रस्ताव सुमारे ५९% मतांनी फेटाळला. २०२३ मध्ये ओहायओने सुमारे ५७% मतांनी तो हक्क राज्यघटनेत समाविष्ट केला. अँटि-सलून लीगच्या जन्मभूमीत हे घडले, ही बाब लक्षणीय आहे. २०२४ मध्ये दहा राज्यांतील अशा प्रस्तावांपैकी सात संमत झाले.

प्राथमिक निवडणूक, पक्षसमिती, न्यायाधीशाची नेमणूक अशा जेथे थोड्यांचा निर्धार पुष्कळांच्या उदासीनतेवर मात करतो, तेथे हे गट प्रबळ ठरले. जेथे प्रश्न सर्व मतदारांना सरळ विचारला गेला, तेथे त्यांना अनेकदा माघार घ्यावी लागली. एका पक्षाशी जडलेल्या नात्यामुळे त्यांना सत्तेत वाटा मिळाला. पण त्या पक्षाच्या कृत्यांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली आणि सर्व पक्षांना सारख्याच कसोटीवर तोलण्याचे धर्मसंस्थेचे स्वातंत्र्य संकोचले. कायदा संघटनेच्या बळावर मिळविता येतो. तो टिकविण्यास मात्र बहुसंख्यांचे मन वळवावे लागते, हाच १९३३ चा आणि २०२२ नंतरचा अनुभव आहे.