समजून घ्या : भाषण, धर्म आणि सभेचं स्वातंत्र्य सामान्य माणसाच्या कधी कामी येतं?

नोव्हेंबर २०१२. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. या बंदबद्दल पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली.

या कारवाईत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावलं होतं. पण 'आक्षेपार्ह' मजकूर म्हणजे नेमकं काय, हे या कलमात स्पष्ट नव्हतं. प्रकरण देशभर गाजलं, कलमाला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. एखादं मत कुणाला खटकणं वेगळं आणि हिंसेला चिथावणी देणं वेगळं, हा फरक न्यायालयाने अधोरेखित केला.

संविधान काय सांगतं?

कलम १९ नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचं, तसंच शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम २५ सर्व व्यक्तींना आपल्या धर्माचं पालन आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं.

मग काहीही बोलता येतं का?

नाही. बदनामी, न्यायालयाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची सुरक्षा अशा ठरावीक कारणांसाठी भाषणावर निर्बंध घालता येतात. पण ते 'वाजवी' असावे लागतात आणि त्यांना कायद्याचा आधार लागतो. म्हणजे 'मी का बोलू?' याचं उत्तर नागरिकाने द्यायचं नसतं. 'तुला का अडवलं?' याचं उत्तर सरकारला द्यावं लागतं.

संख्येने कमी असलेल्यांचं काय?

१९८५ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आलं. ती 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. बहुसंख्यांना पटेल तेच बोलायला हक्क लागत नाही. तो लागतो वेगळं वागणाऱ्याला.

आणि आंदोलन?

२०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावात नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधात धरणं धरण्यास परवानगी नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती बंदी रद्द केली. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

हे तिन्ही हक्क एकत्र का पाहायचे?

कारण एक गेला की बाकीचे लंगडे पडतात. रस्ता का झाला नाही, हे विचारायला बोलण्याचा हक्क लागतो. एकट्याचं कुणी ऐकलं नाही तर चार जणांनी मिळून तहसील कचेरीसमोर बसण्याचा हक्क लागतो. आणि धर्म कोणता, यावरून ही दारं बंद होऊ नयेत, यासाठी श्रद्धेचं स्वातंत्र्य लागतं.

निकाल लागला की प्रश्न संपतो?

तसंही नाही. कलम ६६-अ रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणून पोलिसांनी अडवलं तर 'कोणत्या कलमाखाली?' हे विचारायला प्रत्येकाने शिकायला हवं.