बिलावरचा तास

मागच्या भागात आपण टॅक्सीचं मीटर कुठून आलं ते पाहिलं. आज गाडी रस्त्यावरून उचलू आणि गॅरेजात नेऊ. तिथेही एक मीटर चालतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

गेल्या वर्षी बंगळुरूत माझ्या गाडीचा क्लच बदलायला दिला. मी मूळचा इंदूरचा, इथे येऊन बारा वर्षं झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये हल्ली काच असते, पलीकडे काम चाललेलं दिसतं. गाडी साडेदहाला लिफ्टवर चढली आणि एकच्या सुमारास खाली आली. मधे चहाही झाला त्यांचा. बिल हातात आलं, त्यात मजुरीच्या ओळीत लिहिलं होतं: ४.२ तास. मी काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "अहो, मी इथे समोरच बसून होतो. अडीच तास लागले." तो मुळीच ओशाळला नाही. म्हणाला, "सर, हा घड्याळाचा टाइम नाही. सिस्टिमचा टाइम आहे."

आधी राग आला. मग घरी आल्यावर ते वाक्य डोक्यात घोळायला लागलं. घड्याळाचा नसलेला तास म्हणजे काय?

आपल्याकडे काम देण्याच्या दोन रीती जुन्या आहेत. एक रोजावर, दुसरी उक्तं. गवंडी रोजावर लावला तर तो रेंगाळतो की काय याची काळजी मालकाला. उक्तं दिलं तर तो उरकतो, आणि मग काम कच्चं राहिलं की काय याची काळजी पुन्हा मालकालाच. माझ्या वडिलांची फियाट होती, आणि इंदुरात त्यांचा एक ठरलेला मिस्त्री होता. तो बॉनेट उघडून बघायचा, हात पुसायचा आणि एक आकडा सांगायचा. वडील त्याहून कमी सांगायचे. मग गाडी एका दिवसात होवो की तीन दिवसांत, पैसे तेवढेच. हे झालं उक्तं. माझ्या बिलावरचे ४.२ तास हेही खरं तर उक्तंच आहे. फक्त त्याने तासाचे कपडे घातलेत. हे कपडे त्याला कुणी चढवले, ती गोष्ट अमेरिकेतली आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती. दुरुस्ती करणारे लोक लोहार, सायकलवाले, यंत्रशाळेतले कारागीर असे कुठून कुठून आलेले. बिल सहसा घड्याळावर, म्हणजे जितके तास लागले तितके लावायचे. यातली अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. हळू काम करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात, आणि शिकाऊ पोराच्या चुकांचे पैसेही गिऱ्हाईकच भरतं. त्यातून शोफर लोकांनी गॅरेजवाल्यांकडून कमिशन खाण्याचा प्रकार तर इतका बोकाळला होता की त्या काळच्या मोटार-मासिकांत त्यावर रकाने भरून तक्रारी आहेत. पण श्रीमंत मालक कुरकुरला तरी भरायचा.

मग हेन्री फोर्डची मॉडेल टी आली, १९०८ साली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून जास्त गाड्या बनल्या. आता शेतकरी, शिक्षक, दुकानदार गाडी घ्यायला लागले. या माणसाला बिल आधी कळायला हवं होतं. गाडी स्वस्त आणि दुरुस्तीचा नेम नाही, असं असेल तर तो गाडी घेणारच नाही. फोर्डला हे बरोबर समजलं होतं.

इथे दुसरा एक माणूस या गोष्टीत शिरतो: फ्रेडरिक टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात याने कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचवर मोजायला सुरुवात केली. १८९५ साली त्याने अभियंत्यांपुढे निबंध वाचला तो मजुरीच्या दरांवरच होता. प्रत्येक कामाला एक 'योग्य' वेळ असतो, तो मोजून काढता येतो आणि मजुरी त्यावर बांधावी, ही त्याची धारणा. कामगारांना ती काही पटली नाही. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातले साचेकाम करणारे कामगार स्टॉपवॉच नको म्हणून काम सोडून बाहेर पडले. अमेरिकी काँग्रेसने त्याची चौकशी केली आणि पुढे काही दशकं सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचवर पैसा खर्च करायलाच बंदी घातली. म्हणजे वेळ कोण मोजतो, हा तेव्हाही तापलेलाच प्रश्न होता.

फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जोडणी सुरू झाली. गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, ते वर्षभरात दीड तासाच्या आसपास आले. कारखान्यात हे जमलं तर दुरुस्तीत का नाही? म्हणून फोर्डने मॉडेल टीच्या नेहमीच्या दुरुस्त्यांचीही तशीच मोजदाद केली आणि विक्रेत्यांच्या वर्कशॉपांसाठी प्रत्येक कामाचा वेळ आणि दर ठरवून दिला. भिंतीवर दरपत्रक लागलं. उपाहारगृहात मेनू असतो ना, तसं. याला नाव पडलं 'फ्लॅट रेट'.

गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. मेकॅनिक नवशिका निघाला, पाना हरवला, जेवायला गेला, तरी तुमचे पैसे वाढत नाहीत. मीही त्या दिवशी काउंटरवर भांडत होतो, पण क्लचला साडेपाच तास लागले असते तर मी १.३ तासांचे पैसे आपणहून जास्त दिले असते का? प्रश्नच नाही.

मग खोट कुठे? खोट अशी, की कारखान्यात येणारा प्रत्येक भाग नवा असतो आणि दुसऱ्यासारखा असतो. दुरुस्तीला येणारी गाडी आपला इतिहास घेऊन येते. एक समुद्राकाठी राहिलेली, तिचे बोल्ट गंजलेले. दुसरीचं काम आधी कुणी अर्धवट करून ठेवलेलं, बोल्टचं डोकं झिजवलेलं. पुस्तकात वेळ लिहिलाय तो धडधाकट बोल्टचा. फोर्डची ही शिस्त बाहेरच्या गॅरेजांत पुरती रुजलीच नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

पण पुस्तकं मात्र रुजली. १९२० च्या दशकात चिल्टनसारख्या प्रकाशकांनी सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी वेळेची पुस्तकं छापायला सुरुवात केली. पुढे 'मोटर', 'मिचेल' अशी नावं आली. पानं उलटायची, गाडीचं मॉडेल आणि वर्ष शोधायचं, बोट खाली सरकवायचं: वॉटर पंप बदलणे, इतके तास आणि तासाचे इतके दशांश. त्या ४.२ मधला २ हा इथून आलाय, मिनिटं नव्हेत ती.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे. अमेरिकेत हा पुस्तकी तास एकाच वेळी दोन कामं करतो. तो गिऱ्हाईकासाठी किंमत असतो, आणि पुष्कळ ठिकाणी मेकॅनिकसाठी पगारही तोच असतो. पुस्तक म्हणतं ३ तास. मेकॅनिकने काम २ तासांत केलं तरी त्याला ३ तासांची मजुरी. ५ तास लागले तरी ३ तासांचीच. त्यामुळे हुशार मेकॅनिक आठ तासांच्या दिवसात दहा-बारा तास 'कमावतो'. हो, दिवसात बारा तास आठ तासांत. आणि ज्याच्या वाट्याला गंजलेली गाडी येते, तो कपाळाला हात लावतो. घड्याळावरच्या बिलात अनिश्चिततेचा भार गिऱ्हाईकावर होता. पुस्तकाने तो उचलला आणि मेकॅनिकच्या खांद्यावर ठेवला. मधे गॅरेजमालक बऱ्यापैकी कोरडा राहिला.

वॉरंटीतल्या कामाचा प्रकार आणखी वेगळा. तिथे पैसे देणारी कंपनी आणि वेळ ठरवणारीही कंपनीच. तेच काम, तीच गाडी, पण वॉरंटीत असली की तास कमी. अमेरिकी मेकॅनिकांची ही जुनी दुखरी नस आहे.

आणि एक गोष्ट तर पुस्तकाला कधीच धरता आली नाही: बिघाड शोधणे. बदलायला किती वेळ लागतो ते मोजता येतं. काय बदलायचं हे कळायला किती वेळ लागेल, ते कसं मोजणार? १९४१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने एक प्रयोग केला. गाडीतली इग्निशन कॉइलची एक तार मुद्दाम सोडवायची आणि देशभरच्या गॅरेजांत जायचं. साडेतीनशेच्या आसपास गॅरेजं पालथी घातली. तार बघून जागेवर जोडून देणारे भले लोक होते, काहींनी तर पैसेही घेतले नाहीत. पण साठ टक्क्यांहून जास्त ठिकाणी नको ते काम सांगितलं गेलं किंवा जास्त पैसे लावले गेले. पुस्तक तुम्हाला तासाची हमी देईल, पण ते काम करायची गरज होती की नाही याची हमी ते देत नाही.

पुढे १९६८ पासून सिनेटर फिलिप हार्ट यांच्या उपसमितीने मोटार दुरुस्तीवर सुनावण्या घेतल्या. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज द्या, आणि त्याहून जास्त लावायचं तर गिऱ्हाईकाला विचारा. मेकॅनिकची बाजू न्यायालयात यायला मात्र बराच वेळ लागला. २०१३ साली लॉस एंजेलिसमधल्या एका मर्सिडीज विक्रेत्याकडच्या मेकॅनिकांच्या बाजूने निकाल लागला. गाडी नसली तरी त्यांना वर्कशॉपमध्ये थांबावंच लागायचं, आणि त्या थांबण्याचा स्वतंत्र मोबदला नव्हता. न्यायालय म्हणालं, तो वेळही वेळच आहे, त्याचे निदान किमान वेतनाइतके पैसे वेगळे द्या.

हा तास आपल्याकडे कसा आला? मोटारी आपल्याकडे लवकर आल्या. जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली ती १९२८ मध्ये. पण दुरुस्तीचं जग मिस्त्रीचं राहिलं. दिल्लीचं काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट, इथे बंगळुरूत जे. सी. रोड, या सगळ्या बाजारांचं गणित एकच: सुटा भाग महाग, माणसाचा हात स्वस्त. अमेरिकेत हात महाग, म्हणून भाग काढून नवा टाकतात. आपल्याकडे तोच भाग खोलून, घासून, नवा बुश ठोकून परत बसवायचा. अशा कामाचा वेळ कुठल्या पुस्तकात सापडणार? आणि रस्त्यावर अँबॅसेडर आणि फियाट या दोनच गाड्या मुख्य असताना पुस्तक हवं कुणाला? मिस्त्रीच्या बोटांना सगळं पाठ होतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, तिच्यामागून ठिकठिकाणी अधिकृत वर्कशॉप आले, जॉबकार्ड आलं आणि दरपत्रक आलं. त्यात सरकारचाही हात लागला, ही गंमत मला बिलं चाळताना कळली. जुलै २००१ पासून अधिकृत सर्व्हिस स्टेशनच्या सेवेवर केंद्राचा सेवाकर लागला. सुट्या भागांवर राज्याचा विक्रीकर, मजुरीवर केंद्राचा सेवाकर. मिस्त्रीचा तो एकच गोळा आकडा आता चालेना, भाग वेगळे आणि मजुरी वेगळी दाखवणं भाग पडलं. २०१७ ला जीएसटी आला, मजुरीवर १८ टक्के आणि बऱ्याच भागांवर २८. सप्टेंबर २०२५ पासून भागही १८ वर आले. दोन ओळी मात्र वेगळ्याच राहिल्या.

पण अमेरिकेतल्या व्यवस्थेचा अर्धा भाग आपण घेतला आणि अर्धा नाही. मी ज्या मेकॅनिकांशी बोललो, ते महिन्याच्या पगारावर आहेत, वर थोडा इन्सेंटिव्ह. पुस्तकी तास त्यांच्यासाठी पगार नाही, तो फक्त माझ्यासाठी किंमत आहे. माझा क्लच अडीच तासांत झाला, तर वाचलेले १.७ तास त्या मुलाच्या खिशात गेले नाहीत. गंजलेल्या बोल्टचा फटकाही त्याला बसत नाही म्हणा, हेही खरंच.

दोन महिन्यांपूर्वी पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरायची. विशीतला एक मुलगा, हुबळीकडचा, सकाळपासून एकेक फ्यूज काढून मीटर लावत बसला होता. तीन तासांहून जास्त. शेवटी डिकीच्या दिव्याकडे जाणारी, आतल्या आत सोललेली वायर त्याला सापडली. टेप गुंडाळली, झालं. बिलावर आलं: वायरिंग दुरुस्ती, ०.६ तास. मी त्याला विचारलं, तुला याचं काय मिळतं? तो म्हणाला, "काही नाही सर. आज माझ्या नावावर एकच गाडी लागली." आणि पुढच्या गाडीचं जॉबकार्ड घेऊन तो लिफ्टकडे गेला.